सायीचे पट्टे

घरांच्या आतल्या भिंतींवर पट्टे मारण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून रंगाच्या दुकानात सगळे त्याला वाघोबा म्हणत. ओघानंच त्याची बायको वाघीण झाली. वाघीण कसली, ती मनात म्हणायची; सकाळी अंथरुणातून उठताना हाडं जे बोलतात ते ऐकलं तर शेळीलाही हसू येईल.

कामाला दोघं बरोबर जायची. तो शिडीच्या लाकडी घोड्यावर चढून दोरीचं वरचं टोक धरायचा आणि ती खाली बसून दुसरं टोक अंगठ्यानं दाबायची. खडूची भुकटी लावलेली दोरी ताणून सोडली की भिंतीवर सरळ रेघ उमटायची. रेघेलगत कागदी टेप लावायची आणि टेपच्या कडेवरून आधी भिंतीच्याच रंगाचा एक हात फिरवायचा. टेपखाली काही झिरपलंच तर ते भिंतीत मिसळून जावं, म्हणून. तो हात वाळला की मग पट्ट्याचा रंग. तो ओला आहे तोवर टेप ओढायची, आणि हे काम वाघिणीचं. तिच्या बोटांना घाई नसायची.

या घरातल्या बाईंना बैठकीच्या खोलीत पांढऱ्यावर पांढरं हवं होतं. भिंत दुधाच्या रंगाची, पट्टे सायीच्या रंगाचे. पट्टे दिसायला नकोत, काका, नुसते जाणवायला हवेत, असं सांगून त्या कामावर गेल्या. संध्याकाळी येऊन बघणार होत्या, आणि मनासारखं झालं तर वरचा मजलाही याच दोघांना देणार होत्या. त्या मजल्यावर वाघोबानं बरीच भिस्त ठेवली होती. लेक कधीची मागं लागली होती की आता पुरे, माझ्याकडे येऊन राहा. हात चालतात तोवर कुणाच्या दारात बसणार नाही, हे त्याचं ठरलेलं उत्तर.

रेघा मारून झाल्यावर वाघीण आतल्या खोलीचं दार घासायला गेली. घासून घासून खांदा भरून आला. उन्हं उतरली तेव्हा त्यानं टेप ओढायला हाक मारली.

तिनं वरचं टोक नखानं सोडवलं आणि टेप हळूहळू खाली ओढत आणली. मग थांबली. पट्टा कुठंच नव्हता. दुधावर दूध. फक्त जिथं टेपची कड होती तिथं सायीचे बारीक ओघळ, उंदरानं कुरतडल्यासारखे.

मागं उभा असलेला वाघोबा मान तिरकी करून बघत होता.

"बघ," तो समाधानानं म्हणाला. "कशी दोरीसारखी आलीय कड."

तिचं लक्ष डब्यांकडे गेलं. सकाळी दोन्ही डबे पुसून झाकणं तिनंच बसवली होती. एका झाकणावर खिळ्यानं ओढलेली फुली दिसली होती, पण तेव्हा तिनं फार विचार केला नव्हता. आता एकेक आठवायला लागलं. अलीकडे टेप ओढली की तो हमखास विचारायचा, कशी आलीय? पूर्वी कधी विचारायचा नाही. इतक्या वर्षांनी नवरा आपलं मत विचारतोय म्हणून ती मनातून सुखावली होती.

छान आलीय म्हणणं सोपं होतं. खांदा असा ठणकत होता की तेवढं म्हणून तिथंच खाली बसावं असं वाटत होतं.

"अहो," ती म्हणाली, "पट्टाच नाहीये."

तो हसला. मग भिंतीला नाक लागेल इतका जवळ गेला, आणि हसणं विरलं. डब्यांपाशी उकिडवा बसून त्यानं झाकणांवरून बोट फिरवलं.

"झाकणं बदललीस तू."

"बदलली असतील. पण दिवसभर ब्रश तुमच्या हातात होता."

त्याचं बोट फुलीवर थांबलं.

"सायीच्या डब्याची खूण होती ही. दूध काय, साय काय, मला सगळं एकच दिसतं गं. पिवळट. सांगितलं असतं तर तू लेकीकडे बिऱ्हाड हलवलं असतंस."

"हलवलंच असतं," ती म्हणाली. "माझा खांदा तरी कुठं धड राहिलाय?"

हे तिनंही त्याला कधी सांगितलं नव्हतं. तीही त्याच्याशेजारी खाली बसली, रागवायचंही त्राण नसल्यासारखी.

बाई आल्या तेव्हा चूक त्यानं स्वतःच सांगितली, झाकणांचं नाव न घेता. त्यांनी उद्याचा दिवस दिला. वरच्या मजल्याचा विषय मात्र काढला नाही.

दुसऱ्या दिवशी ओघळ घासून भिंतीला पुन्हा दुधाचा हात दिला. तो वाळेपर्यंत वाघिणीनं त्याच्याकडून डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं कबूल करून घेतलं, आणि तिनं खांदा दाखवायचा हे त्यानं. मग तो भिंतीशी खाली बसला आणि दोरीचं खालचं टोक अंगठ्याखाली घेतलं. ती घोड्यावर चढली. डबे तिनं उघडले, पट्टा तिनं मारला, आणि टेप ओढायला त्याला बोलावलं.

त्यानं बोटांनी चाचपत टेप ओढली. "कशी आलीय?"

"मधे जरा पोट सुटलंय."

"काहीतरीच. दोरी मी धरली होती."

"दोरी तुमची, पण हात माझा होता ना."

तो भिंतीकडे बघत राहिला. "जाऊ दे मग. कुणाला दिसतंय?"

"मला दिसतंय," ती म्हणाली आणि बारीक ब्रश घेऊन पुन्हा वर चढू लागली. त्यानं घोडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.