तिसऱ्या तळ्याचं विरजण

मला लिहायची सवय नाही. चुकतही असेन. पण केवळाबाईबद्दल कुणी लिहिलेले मी पाहिले नाही, म्हणून लिहितो.

लातूर जिल्हा नवा झाला, त्यानंतरच्या दुष्काळातली ही गोष्ट. मी नगरपालिकेत पंपावर होतो. आमच्या गावाचे सांडपाणी निलंगा रस्त्याकडच्या तीन मातीच्या तळ्यांतून थांबत थांबत ओढ्याला जाई. उन्हाने पाणी हिरवे झाले की त्याचा वास मरे. तळ्यांच्या राखणीला केवळाबाई होती. तिची वाडी ओढ्याच्या खालच्या अंगाला. विहिरी आटल्या होत्या, त्यामुळे वाडी ओढ्याच्या वाळूत झिरे उकरून पाणी पीत होती.

नव्या जिल्ह्याचे साहेब पाहणीला येणार असे कळले. साहेब येणार म्हटले की ब्लीचिंग पावडर मारायची, ही आमची रीत. मुकादम सिद्धरामने नाल्यांच्या कडेने पांढऱ्या रेघा ओढल्या आणि उरलेली पोती पहिल्या दोन तळ्यांत रिकामी केली. हिरवे म्हणजे घाण, असे त्याला वाटले. मलाही तसेच वाटले. तिसरे तळे बाभळींच्या आड होते. साहेब तिथवर चालणार नाहीत, म्हणून ते वाचले.

साहेब जीपमधून उतरलेच नाहीत.

पुढे त्या पावडरीने दोन्ही तळ्यांतले हिरवे मेले, पाणी काळे पडले, वासाने तिथे उभे राहवेना. दुसऱ्या तळ्यातून तिसऱ्यात पाणी सोडायच्या तोंडाला उचलायची लाकडी फळी होती; केवळाबाईने ती खाली सोडून तोंड बंद केले आणि तिच्यावर दगड रचले.

सिद्धराम धावत आला. "फळी काढ, बाई! पाणी तुंबून बांध फुटला म्हंजे?"

"आन् हे काळं पानी झिऱ्यात उतरलं म्हंजे? माझी नातवंडं तेच पितेत, मुकादम."

"मग काय करतीस?"

"दही बिघडलं तर काय करतेत? शेजारून विरजण आणतेत."

तिने तिसऱ्या तळ्यातले हिरवे पाणी डब्याने काढले आणि दुसऱ्यात ओतले. सिद्धराम पोट धरून हसला. "तळ्याला दही लावायली की हो बाई!"

ती डबे भरत राहिली. दुष्काळामुळे सांडपाणीही थोडेच येई, म्हणून बांधाला जरा सवड होती. तरी पाणी चढतच होते.

ओढ्याकाठचा व्यंकट भांडायला आला. "मावशे, पानी सोड. माझं कडवळ वाळलं. म्हशीला काय घालू? मला घाण बी चालतीय."

"तुझ्या म्हशीला चालतीय, माझ्या लेकरांना न्हाई. लई घाई हाय न्हवं? मग कावड घे."

व्यंकट पुटपुटत उभा राहिला. मग घरी जाऊन कावड घेऊन आला. मीही पंपावरून सुटलो की डबे वाहू लागलो. पाणी बांधाच्या काठापासून वीतभरच खाली उरले, तेव्हा सिद्धरामनेही वहाणा काढून डबा उचलला. हसणे कधीच थांबले होते.

मग एका दुपारी दुसऱ्या तळ्याच्या कडेने पोपटी झाक दिसली. दोन दिवसांनी ती मधोमध पोचली. केवळाबाईने ओंजळीत पाणी घेऊन वास घेतला. मलाही घ्यायला लावला. ओल्या गवताचा वास होता.

तिने दगड उतरवले आणि फळी चार बोटे उचलली.

"आजून काढ की, मावशे," व्यंकट म्हणाला.

"उद्या बगू," ती म्हणाली, आणि फळीशेजारीच बैठक मारून बसली.