लताताईचा पाचवा गोळा

मढच्या एका बंगल्यात आम्ही सोफे लावत होतो. शूटिंगला भाड्यानं फर्निचर पुरवणं हा माझा धंदा, त्यामुळे रविवारीही फोन वाजतच असतो. त्या दुपारी आईचा आला. "लता उठत नाय रे..." एवढंच म्हणाली. माशांचं जेवण जेवून ताई मुलुंडच्या घरी आडवी झाली होती, ती झोपेतच गेली. मेंदूतली एक रक्तवाहिनी जन्मापासून नाजूक होती, ती फुटली, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. मढहून मुलुंड गाठेपर्यंत मला ते खरंच वाटेना. आमच्या घरात तिच्याइतकं मजबूत माणूस दुसरं नव्हतं. आता सव्वा महिना होत आला. लोक भेटायला येतात, हळहळतात. पण ताईबद्दल नुसतं हळहळून चालणार नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

तिचं नाव लतिका, बाबांनी हौसेनं ठेवलेलं. बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर मुलुंडच्या एका कारखान्यात लागले आणि आम्ही तिथल्या दोन खोल्यांत राहायला आलो. ताई दहावीतच बाबांच्या डोक्याच्या वर गेली होती. हाडापेरानं दणकट, पंजे रुंद, आवाज भरदार. आई मूळची मालवणकडची. तिचा दिवसभर एकच घोष, "हळू चल गो, दणके देव नको, खालची माणसा भांडूक येतली!" पुढे स्थळं यायला लागली. एका मुलाचा मामा पोहे खाता खाता म्हणाला, "मुलगी चांगली आहे हो, पण आमच्या दारातून आत यायला हवी ना!" ताईही सगळ्यांबरोबर हसली, बशा उचलून आत गेली, आणि त्यानंतर कुणासमोर बसायला तिनं साफ नकार दिला. विमा कंपनीत नोकरी लागली, तिथे मान मिळाला. पण अंग चोरून वावरायची सवय तोवर पक्की झाली होती. ऑफिसच्या लिफ्टमध्ये दोन माणसं असली तर "तुम्ही जा, मी मागून येते" म्हणायची. गटफोटोत मागच्या रांगेत, गुडघे वाकवून. तिच्याबरोबर वाढल्यामुळे मला त्यात वेगळं काही दिसतही नव्हतं.

चाळिशी उलटल्यावर एका शनिवारी ती माझ्याबरोबर मुलुंडच्या औद्योगिक वसाहतीत आली. मला एक जुनं टेबल बघायचं होतं. शेजारच्या गाळ्यात जिम होती, पण आरसे नाहीत, गाणी नाहीत. ट्रकचे टायर, लोखंडी चौकटी आणि सिमेंटचे गोळे. दाराशीच वाळू भरलेली एक जाडजूड कॅनव्हासची गोणी आमची वाट अडवून पडली होती. आतून तिथले प्रशिक्षक रफिक सर ओरडले, "मॅडम, दोन मिनिटं थांबा, पोरं येऊन बाजूला घेतील." ताईला थांबायचं नव्हतं. ती वाकली, गोणीला मिठी मारली, पोटाशी घेतली आणि चार पावलं चालून भिंतीशी ठेवली. पदर सारखा केला. सर बाहेर आले, गोणीकडे बघितलं, ताईकडे बघितलं.

"ऐंशी किलो आहे ती. आधी कुठे व्यायाम करायचात?"

"घरी," ताई म्हणाली. "गॅसचे सिलिंडर."

त्या सोमवारपासून ती तिथे जायला लागली. जड वस्तू उचलायच्या, छातीशी धरून चालायचं आणि उंचावर नेऊन ठेवायच्या, असा हा खेळ. गोळ्याला धरायला कडी नसते, कान नसतो. तो मांड्यांवर ओढून घ्यायचा, त्याला कवटाळायचं आणि पोटावरून छातीवर लोळवत उभं राहायचं. ताईचे हात कोपरापर्यंत सोलवटून निघायचे. आईनं बोलणं टाकलं. "शिकान-सवरान हमाल झाली!" असं भिंतीला सांगायची. एका संध्याकाळी ताई माझ्या ताटातली चपाती उचलत म्हणाली, "तुला सांगू? आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला 'अजून खा' म्हणालं रे..." आणि इतकी हसली, की पलीकडे तोंड फिरवून बसलेल्या आईलाही हसू लपवता येईना.

वर्षभरानं बोरिवलीला एका शाळेच्या मैदानावर स्पर्धा होती. आई येणार नाही म्हणाली आणि ऐन वेळी चपला घालून उभी राहिली. "हाडबीड मोडला तर?" पिशवीत बाम, क्रेप बँडेज आणि डब्यात पेज. मैदानावर पदर नाकापर्यंत ओढून बसली, कुणी ओळखीचं बघायला नको. बाकीच्या स्पर्धक मुली ताईच्या निम्म्या वयाच्या. वजनं घेऊन धावण्यात ताई मागे पडली. शेवटी गोळे. पाच पिंपं आणि पाच गोळे, प्रत्येक आधीच्यापेक्षा जड. एका मिनिटात एकेक करून सगळे गोळे पिंपांवर ठेवायचे. सगळ्या मुली चौथ्यापर्यंत पोचल्या होत्या. पाचवा जमिनीवरून कुणालाच उचलता आला नव्हता.

ताईनं चार ठेवले. पाचवा गुडघ्यापर्यंत आला आणि निसटला. ती तिथेच वाकून उभी, दोन्ही हात गुडघ्यांवर. लोक टाळ्या वाजवायला लागले. झालं, छान प्रयत्न, अशा टाळ्या. तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची मागे पडली. आई उभी होती. पदर खाली घसरलेला.

"उचल गो चेडवा! सोडू नको!"

ताईनं मान वर केली. आईला बघितलं. पुन्हा वाकली, गोळा मांड्यांवर घेतला आणि त्याला मिठीत धरून तशीच बसून राहिली. मग ती उठली. सावकाश, दातओठ खात, पण कुठेही न थांबता पुरती ताठ उभी राहिली. तिला इतकं उंच मी कधी पाहिलं नव्हतं. गोळा पिंपावर असा आदळला की मांडवाचे बांबू हलले. "ह्येका म्हणतत दणको!" आई अनोळखी बाईचा हात धरून ओरडत होती. "ता माझा चेडू आसा, माझा!" एकूण गुणांत घाटकोपरची एक मुलगी पहिली आली, ताई दुसरी. पण ताई सोडून आणखी कुणाला बक्षीस मिळालं, हे आईला आजही ठाऊक नाही.

त्यानंतर ताईनं कुणासाठी लिफ्ट सोडली नाही. रविवारी सकाळी तिनं बायकांचा वर्ग सुरू केला. शिक्षिका, नर्स, इडली विकणारी एक मावशी, आमच्या मजल्यावरच्या वहिनी. "श्वास भर, मिठी मार, ऊठ!" हा तिचा आवाज गाळ्याबाहेरच्या रस्त्यापर्यंत यायचा.

अंत्ययात्रेच्या वेळी मी आणि आमचे चुलते पुढे झालो, तर याच बायका दारात उभ्या होत्या. "दादा, आम्ही घेतो." एक काका पुटपुटले, बायका कशा... आईनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं, ते बाजूला झाले. चार मजले, अरुंद जिना. एकमेकींना हलक्या आवाजात पायऱ्या सांगत, कुठेही न टेकवता, त्यांनी ताईला खाली आणलं. दिवसकार्यात कुणीतरी म्हणालंच, "एवढी ओझी उचलून गेली हो बिचारी!" आई शांतपणे म्हणाली, "ओझी उचलून गेली नाय ती. उचलूक लागली, तेव्हा खरी जगूक लागली."

गोळा निसटू नये म्हणून हातांना राळेचं चिकट मलम लावतात. साबणानं ते सहज जात नाही. जिमहून आली की ताई आधी फ्रिज उघडायची, ताकाचा तांब्या तोंडाला लावायची. परवा कामवाल्या बाईनं फ्रिजच्या दांड्यावरचा तो चिकटा पुसायला रॉकेल घेतलं, तर आईनं फडकं काढून घेतलं. काल पाणी प्यायला मी फ्रिज उघडला. हात दांड्याला जरा चिकटला, सुटायला क्षणभर वेळ लागला. आई ओट्याशी उभी राहून बघत होती.

"धरता ना अजून ती?" तिनं विचारलं.

"धरते," मी म्हटलं.