सर उतरले आणि विमान हलके झाले

आदरणीय कॅप्टन हेमराज रहांगडाले सरांची आणि माझी पहिली भेट काट्यावर झाली. २००९ साली सडक अर्जुनीहून मी बिरसीच्या धावपट्टीवर विमान शिकायला आले, तेव्हा विमाने ठेवायच्या हँगरच्या दारात राइस मिलमधला धान तोलायचा जुना काटा होता आणि शेजारी भरदार अंगाचे, मिशीवाले एक गृहस्थ वही घेऊन उभे होते. "चढ," एवढेच ते म्हणाले. मी चढले. "अन् बॅग कोन तोलन?" बॅगही ठेवली. आईने दिलेला चिवड्याचा डबा तेवढा मी पाठीमागे लपवला होता. सरांनी तो मागून घेतला, तोलला, वहीत मांडला आणि मूठभर चिवडा तोंडात टाकून म्हणाले, "आता कमी झाला."

सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या हवाई दलातल्या नोकरीविषयी जाणकार लिहितीलच. ती नोकरी संपल्यावर मोठ्या शहरांतली बोलावणी सोडून ते आपल्या जिल्ह्यात परतले आणि आमच्यासारख्या अडाण्यांच्या मागे लागले. मी लिहिणार आहे ते त्यांनी मला दोनदा नापास केले त्याबद्दल.

वाचकांसाठी थोडे सांगते. विमानाचा वेग कमी होत गेला की ते तोलून धरायला नाक वर वर उचलावे लागते. शेवटी पंखावरची हवा सुटते आणि विमान खाली जाते. इंजिन चालूच असते, तरी जाते. याला आम्ही स्टॉल म्हणतो. आमचे विमान उतरायच्या बेतात असताना अठ्ठेचाळीस नॉट वेगाला स्टॉल होई, म्हणून बासष्टने उतरायचे, असे सरांनी पहिल्याच आठवड्यात शिकवले होते.

माझे बाबा नागपूर-रायपूर रस्त्यावर ट्रक चालवायचे. हे सगळे मी त्यांना फोनवर सांगितले, तर ते म्हणाले, "मंग दहा जास्तच ठेव ना बाई." बापाचा शब्द! मी बहात्तरने उतरू लागले. जास्त वेगाचे विमान जमिनीजवळ आले तरी टेकत नाही, तरंगत पुढे जाते. दुसरीकडे हे लगेच अंगाशी आले असते, पण बिरसीची धावपट्टी इतकी लांब की कितीही तरंगलो तरी पुढे जागा उरायचीच. आम्हा सगळ्यांनाच त्या लांबीने लाडावून ठेवले होते.

सरांना हे ठाऊक होते. त्यांनी धावपट्टीलगतच्या गवतात, सुरुवातीपासून थोड्याच अंतरावर, चुन्याची एक रेघ मारून घेतली होती. तिच्या आत चाके टेकली नाहीत तर एकट्याने उडायची परवानगी नाही. मी दोन चाचण्यांत रेघेच्या खूप पुढे टेकले. तिसऱ्यांदा चुकले असते तर नियमाप्रमाणे माझे नाव कमी होणार होते आणि मला सामान बांधून घरी जावे लागणार होते. बाकीचे शिक्षक म्हणाले, "सर, पट्टी तर लांब आहे, जाने दो." सर म्हणाले, "उद्या हे पोरगी दुसऱ्या गावच्या लहान पट्टीवर उतरन, तवा पुढं धानाची बांधी, चिखलाचं वावर राहीन. मंग तुमी जासाल काय तिले काढाले?"

बाबा तावातावाने ट्रक घेऊन आले. "साहेब, माह्या पोरीले काऊन अडवून राहिले?" सरांनी त्यांना खाटेवर बसवले, चहा दिला. "भाऊ, ट्रक रिकामा राहिला अन् भरला राहिला, तर ब्रेक एकाच ठिकाणी लावता काय?" बाबा मान खाली घालून म्हणाले, "मीच सांगतलो होतो तिले, दहा जास्त ठेव म्हणून." सर हसले नाहीत. एवढेच म्हणाले, "बापानं काळजी नाही करावं तं कोनं करावं?" माझ्या बाबांची इतकी अब्रू क्वचितच कुणी राखली असेल.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला बोदलकसाच्या तलावावर उंच नेले. इंजिन मंद केले आणि मला नाक उचलायला लावले. धोक्याचा भोंगा केकाटू लागला, विमान थरथरले आणि नाक खाली गेले. "नाक खाली, ताकद पूर्ण," सर शांतपणे म्हणाले. विमान सावरले. मग पुन्हा, आणि पुन्हा. सातव्या वेळी सरांनी हात मांडीवर ठेवले आणि मी एकटीने सावरले. "कायले घाबरून राहिली होती? कुठं सुटते थे पाहिलं ना? अठ्ठेचाळीसचे बासष्ट केले, त्यातच तुही भीती धरली आहे. तुह्या बाबाची काळजी बी धरली आहे. दुसऱ्यांदा कायले टाकतेस?"

त्या एका वाक्याने माझी दहाची गाठ सुटली. तिसऱ्या चाचणीत सर शेजारी बसलेले असताना मी बासष्टने आले आणि रेघेच्या आत टेकले. सरांनी विमान थांबवायला लावले, दार उघडले आणि एक पाय बाहेर ठेवून विचारले, "आता मी उतरलो. किती वेगानं येशीन?"

"बासष्ट."

सरांनी पाय आत घेतला आणि दार लावले. मग लख्खकन उमगले. सरांचे भरभक्कम वजन उतरले की विमान हलके होणार, स्टॉलही कमी वेगाला होणार. बासष्टने आले तर मी पुन्हा तरंगणार. "साठ, सर."

"आता बरोबर," म्हणून सर उतरले आणि मागे वळूनही न पाहता गवतातून चालू लागले.

मी एकटी उडाले. साठला आले, एकाचाही फरक पडू दिला नाही, आणि चाके रेघेच्या चांगली आत टेकली. मी कॉकपिटमध्ये मोठ्याने ओरडले, ते कुणी ऐकले नाही हे बरे झाले. सर धावपट्टीकडेला उभे होते. शाबासकी वगैरे काही नाही. बोटांनी दोन दाखवले, म्हणजे आणखी दोनदा. मी दोनदा गेले आणि दोन्हीदा रेघेच्या आत उतरले. तिसऱ्यानंतर मात्र सरांनी डोळे पुसले, आणि धूळ गेली म्हणाले. पाऊस पडून गेला होता, धूळ कुठून येणार!

आज मी प्रवासी विमान चालवते. सरांच्या हातून तयार झालेले आम्ही कितीतरी जण देशभर उतरतो, आणि नेमक्या जागी उतरतो. सरांना लागेल तेवढे आयुष्य मिळो, गुडघे आणि नजर दोन्ही शाबूत राहोत. माझ्या मनात स्वार्थ आहे, तो लपवत नाही. माझी लेक तीन वर्षांची आहे. एके दिवशी तिच्या विमानाचे दार उघडून तिला तोच प्रश्न विचारायला आणि उत्तर बरोबर आले की निर्धास्त निघून जायला मला सरच हवे आहेत.