वाल्मीकनानाचं बोट

आमच्या गावच्या क्रिकेटचा एक कायदा आहे. चेंडू टप्पा न पडता धोंडाबाईच्या कांदाचाळीवर गेला, की बॅट्समन आऊट. शहरातले पाहुणे यावर हसतात. हसू द्या. मैदान म्हणजे गावठाणातली मोकळी जागा आणि तिला लागून ही चाळ. सिमेंटचा पत्रा तडकला की वळवाचं पाणी आत शिरतं आणि म्हातारीचा वर्षाचा कांदा सडतो. म्हणून तिकडे उचलून मारायचं नाही, एवढंच.

हा कायदा पाळून घेणारा पंच म्हणजे वाल्मीकनाना. लासलगावच्या मार्केटात हमाली करणारा माणूस, पण मे महिन्यात स्पर्धा लागली की इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून स्टंपामागे उभा राहायचा. एरवी आऊट हा शब्द त्याच्या वाट्याला आला तो कायम दुसऱ्याच्या तोंडून. शाळेत गणित चुकलं की गुरुजी म्हणायचे, गेट आऊट. सातपूरच्या एका कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर होता, तिथे एका सकाळी वॉचमननं गेटवरच सांगितलं, "तुमची बॅच आऊट." बायकोला घेऊन दवाखान्यात गेला, तर औषध आऊट ऑफ स्टॉक. मैदानावर मात्र तो शब्द नानाचा. नुसतं बोट वर करायचा आणि भल्याभल्यांची पोरं मान खाली घालून चालू लागायची. तेवढी इज्जत त्याला दुसरीकडे कुठेच मिळाली नाही आणि हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. म्हणूनच यंदा जे झालं ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

यंदा ट्रॉफी शेखरभाऊंनी ठेवलेली. भाऊ कांद्याचे व्यापारी, बॅनरवर नावाखाली 'भावी सरपंच'. ज्याची ट्रॉफी त्याची टीम, आणि कॅप्टनही तोच! फायनलला बॉलिंग मी टाकत होतो. भाऊंनी डोळे मिटून बॅट फिरवली आणि चेंडू थेट चाळीवर आदळला. पत्रा तडकल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. धोंडाबाई शिव्या देत बाहेर आली. नानानं बोट वर केलं.

भाऊ जागचे हलेनात. "सिक्स हाय तो! बॉल पार बाहेर गेलाय, दिसत नाय का?"

"डायरेक्ट चाळीवर गेला, भाऊ. आऊट."

स्पर्धेचा आयोजक ललित धावत आला. ललित म्हणजे नानाचा सख्खा पुतण्या. मला वाटलं, चुलत्याच्या बाजूनं बोलेल. कसला बोलतो!

"नाना, तुम्ही जरा सावलीत बसा. ऊन लागलंय तुम्हाला."

असं म्हणून त्यानं स्वतःच पंच होऊन दोन्ही हात वर केले. सिक्स! लाज कोळून प्याला होता तो. मी चेंडू आपटला, आमचा कॅप्टन भांडला, पण उपयोग शून्य. नाना कडेच्या बाभळीखाली जाऊन बसला. भाऊ खेळत राहिले आणि जिंकले.

बक्षीस वाटपाला तर ललितनं कडीच केली. माईकवरून पुकारलं, "निष्पक्ष पंच वाल्मीकनाना यांचा सत्कार, शेखरभाऊंच्या शुभहस्ते!" दुपारी थोबाडीत मारायची आणि संध्याकाळी अंगावर शाल घालायची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नानानं जाऊच नये असं वाटत होतं, पण तो उठला आणि गेला. शाल घेतली, नारळ घेतला, फोटोला उभा राहिला. ललितला वाटलं, मिटलं सगळं. त्यानं खुशीत माईक पुढे केला. "नाना, दोन शब्द बोला."

नानानं शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि भाऊंकडे बघितलं.

"धोंडाबाईचा पत्रा फुटलाय," तो म्हणाला. "अन् शेखरभाऊ अजून आऊट हाय."

ललितनं माईक हिसकावला, पण भोंग्यातून ते पार वस्तीपर्यंत गेलं होतं. मग त्यानं घाईघाईनं ट्रॉफी भाऊंच्या हातात दिली आणि टाळ्या वाजवायला सांगितलं. टाळ्या त्याच्या एकट्याच्याच वाजल्या.