अंजूरवरच्या आकाशातला आवाज

भुताखेतांच्या गोष्टी मला सांगायच्या नाहीत आणि ऐकायच्याही नाहीत. या सदरातले अनुभव मी आजवर हसण्यासाठीच वाचले. आज स्वतः लिहितेय, कारण माझी गोष्ट लोक भलतीच करून सांगतात… आणि ते मला चालणार नाही.

मी भिवंडीजवळच्या अंजूरची. २००७च्या आसपास एका छोट्या फ्लाइंग क्लबमध्ये इन्स्ट्रक्टर होते. आमची ट्रेनिंगची विमानं भिवंडीवरून वज्रेश्वरीच्या बाजूला जायची. हिवाळ्यात तिथे इतकं धुरकट असतं की समोरून येणारं विमान अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. एकदा एक हेलिकॉप्टर आमच्या शेपटाजवळून गेलं आणि त्या दिवसापासून मी क्लब चालवणाऱ्या सरांच्या मागे लागले – विमानात ट्रॅफिक सांगणारं यंत्र बसवा.

चुलतभावाने परदेशातून तसं एक आणूनही दिलं होतं. डब्याएवढं. आसपासच्या विमानांचे सिग्नल पकडायचं आणि कुणी जवळ आलं की एका बाईच्या आवाजात "ट्रॅफिक, ट्रॅफिक" म्हणायचं.

सर म्हणाले, "विमान खात्याच्या मंजुरीशिवाय माझ्या विमानात काही लावायचं नाही. आणि पोरांनी बाहेर बघायला शिकावं, डब्याकडे नाही."

"मग मंजुरीसाठी अर्ज करा ना!"

"बघू."

ते 'बघू' महिनोन्महिने चाललं. शेवटी मी डबा घरी नेला, गळू नयेत म्हणून सेल काढले आणि तो कपाटावर ठेवून दिला.

त्या सकाळी माझ्याबरोबर फिरोज होता. निजामपुऱ्यातल्या लूमवाल्यांचा मुलगा, लग्न झालेला, हौसेने शिकायला आलेला. अंजूरच्या गोडाऊनचे पत्रे खाली चमकत होते. आमचं घर मागे पडतंय तोच हेडफोनमध्ये स्पष्ट आवाज आला – "ट्रॅफिक. ट्रॅफिक."

"फिरोज, काही बोललास?"

"नहीं मॅडम."

तो आवाज मी ओळखला. विचार करत बसले नाही, "आय हॅव कंट्रोल" म्हणत फिरोजकडून विमान माझ्या हातात घेतलं आणि नाक खाली दाबलं. पुढच्याच क्षणी कॉकपिटमध्ये अंधार झाल्यासारखं वाटलं. हेलिकॉप्टरची सावली! ते आमच्या डोक्यावरून आडवं गेलं. त्याचं पोट मला दिसलं… चाकांसकट.

"या अल्लाह," फिरोज पुटपुटला. मी विमान सरळ परत क्लबकडे वळवलं.

सरांना सगळं सांगितलं. त्यांना वाटलं मी डब्यासाठी नाटक करतेय.

फिरोज म्हणाला, "सर, आवाज मैंने नहीं सुना. पण मॅडमने मला विचारलं, आणि मग हेलिकॉप्टर आलं. वो मैंने अपनी आँखों से देखा."

 सर हसले. "बघ, वज्रेश्वरीमाता तुझ्या पाठीशी आहे. आता तुला यंत्र कशाला हवं?"

माझं डोकंच फिरलं. "सर, पुढच्या आठवड्यात हा एकटा उडणार आहे. याला कोण सांगणार? अर्ज जात नाही तोवर मी उडणार नाही." हेडफोन त्यांच्या टेबलावर ठेवला आणि घरी आले.

आई अंगणातच उभी होती. माझं विमान वरून गेलं की ती बघायला बाहेर यायची. मी काही सांगायच्या आतच म्हणाली, "तुजा डबा बोल्ला गो आज."

"काय?"

"तुजा इमान वरशी गेला ना, तवाच. घरानशी बाईचा आवाज आला. टॅफिक-टॅफिक करीत होती."

"आई, त्यात सेल नाहीत!"

"सेल मना काय म्हाईत? बोल्ला तो बोल्ला!"

मी डबा खाली काढून झाकण उघडलं. आत काही नव्हतं. झाकण लावलं, परत उघडलं, परत बघितलं.

गावाने लगेच देवीचा चमत्कार ठरवून टाकला. आईच्या समाधानासाठी वज्रेश्वरीला जाऊन नारळ फोडला. पण क्लबमध्ये पाऊल ठेवलं नाही. नोकरी जाणार असं सगळे म्हणत होते. मग फिरोजने आणि त्याच्या बॅचने एकट्याने सोलो उडायला नकार दिला, तेव्हा कुठे सरांनी अर्ज धाडला. मंजुरी आल्यावर दोन्ही विमानांत यंत्रं बसली. सर अजूनही म्हणतात, मी त्यांना वेठीला धरलं. हो, धरलं!

आता तुम्ही लिहाल – मनाचे खेळ, भास, योगायोग. लिहा. माझ्या कानाला भास झाला असेल, पण त्याच वेळी खाली अंगणात आईलाही?   ज्याने कुणी सावध केलं, त्याचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण तो रोज ओरडेल या भरवशावर कुणाच्या लेकराला मी आकाशात सोडणार नाही.