मागच्या सीटवरचं वजन

इथले अनुभव मी नेहमी वाचतो आणि खरं सांगायचं तर निम्मे वाचून हसतो. कोणाला पांढरी साडी दिसते, कोणाला पैंजण ऐकू येतात... मी तळेगावच्या एमआयडीसीत मेन्टेनन्स फिटर म्हणून आयुष्य काढलं. मशीन थरथरलं की कुठला तरी बोल्ट ढिला असतो, एवढंच मला माहीत. देवऋषी, उतारे असल्या गोष्टींना आमच्या घरात कधी थारा नव्हता. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

मी परंदवडीत राहतो. वय सदुसष्ट. माझी बायको शालन मागच्या उन्हाळ्यात गेली. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली, दुपारी सगळं संपलं. माणूस आजारी पडतं, आपण सेवा करतो, हळूहळू मनाची तयारी होते — तसलं काही झालंच नाही.

आमचं सगळं फिरणं स्कूटरवर. बाजार, लग्नं, मयती, औंढ्याला तिचं माहेर. शालन अंगानं चांगली भरलेली आणि बसायची एका बाजूला, पाय डावीकडे सोडून. "हलू नको गं, पोतं सरकल्यावानी होतंय," म्हणालो की पाठीत गुद्दा बसायचा. ती बसली की गाडी डावीकडे ओढायची, म्हणून मी उजवीकडे कलून चालवायचो. अख्खा संसार तसाच चालवला.

ती गेल्यावर बरेच दिवस गाडीला हात लावला नाही. मग एकदा माझी बीपीची गोळी आणायला सोमाटणे फाट्यावर निघालो. गाडी स्टँडवरून काढली, बसलो... आणि गाडी मागून दबली. ती बसल्यावर दबायची तशीच! वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

रोज तेच व्हायला लागलं. टायरमधली हवा बघितली, शॉकअब्सॉर्बर खोलून पाहिला. शेवटी गाडी फाट्यावर इक्बालच्या गॅरेजला नेली. त्याने एक चक्कर मारली आणि म्हणाला, "आबा, गाडी एक नंबर हाय. तुमीच उजवीकडं कलून चालवताय. मी बघतो की रोज. मावशी हुत्या तवा ठीक होतं... आता सरळ बसा."

असेल, म्हटलं, जन्माची सवय आहे. पण घरी येईपर्यंत एक गोष्ट डोक्यातून जाईना. मागे कोणी नसताना मी उजवीकडे कलतो, तर गाडी उजवीकडे ओढायला पाहिजे. ती तर अगदी सरळ चालली होती.

मी कोणाला काही बोललो नाही. भीती वाटायच्या ऐवजी बरं वाटायचं, हे कसं सांगणार? कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी मी तळेगाव गाठायचो. आणि मागे मात्र कोणाला बसवायचो नाही. ब्रेक लागत नाहीत, म्हणून सांगायचो. दुसरं कोणी त्या सीटवर बसलं आणि ती कायमची निघून गेली तर... मला फक्त तेवढीच भीती होती.

श्रावणातली गोष्ट. भर दुपारी माझी सून स्नेहल स्वयंपाकघरातून ओरडली. कढईतलं तेल तिच्या हातावर सांडलं होतं, कोपरापर्यंत. मुलगा कामावर, नवलाख उंबरे गावातल्या कंपनीत, शिफ्टमध्ये फोन लॉकरला. शेजाऱ्यांची पिकअप बाहेर गेलेली. रिक्षावाला फोन उचलेना. ओलं फडकं हाताला धरून ती पायरीवर उभी राहिली, ओठ चावत. मला म्हणाली, "आबा, ऱ्हाऊ द्या. तुमी गाडीवर कुनाला बशिवत न्हाई, मला ठाव हाय. मी चालत फाट्यावर जाते."

मी गाडी काढली. बसलो. गाडी मागून दबली.

मी मान मागे वळवली. हळूच म्हणालो, "शालन, उतर गं. पोरीला बसू दे."

शॉकअब्सॉर्बर किरकिरला आणि सीट वर आली. स्नेहल समोरच उभी होती. दुखणं विसरून बघत राहिली.

"आबा... आत्ता कोन उतारलं?"

"बस, बाळा," एवढंच म्हणालो. तळेगावच्या दवाखान्यापर्यंत ती माझ्या पाठीला टेकून रडत होती. मीही रडत होतो, पण तिला ते दिसलं नसेल.

स्नेहलचा हात बरा झाला. या विषयावर ती एकदाच बोलली, "आईंनी जागा दिली मला." ती सीट तेव्हापासून दबली नाही. दवाखान्यातून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सवयीने उजवीकडे कललो, तर गाडी रस्ता ओलांडून थेट उजव्या बाजूच्या चारीत निघाली. आता या वयात सरळ बसायला शिकतोय.

हे काय होतं, मला अजून कळलेलं नाही. ज्याला कळेल त्याने जरूर सांगावं. पोरीला बसवल्याचं मला वाईट वाटत नाही, तशी वेळ आली तर पुन्हा बसवीन. पण उभ्या आयुष्यात शालनने माझा शब्द पहिल्या झटक्यात कधी ऐकला नव्हता, आणि नेमका हाच ऐकला. घरी आल्यावर गडबडीत मी गाडी स्टँडला लावली, स्नेहलला धरून आत नेलं... आणि शालनला "ये, बस आता," एवढं म्हणायचं राहूनच गेलं.