जेवताना सांगतो

माझं अक्षर किरटं आहे आणि वेलांट्या चुकतात. चौथीपर्यंतच शिकले, त्यालाही आता किती वर्षं झाली. कुणी वाचलंच, तर तो माझा मुलगाच असेल. त्याने तेवढं सांभाळून घ्यावं.

तो बीरगांवात, इथल्या हिंदी मुलखात, आमच्या घराच्या पुढच्या खोलीतून मोहल्ल्याला इंटरनेट देतो. सर्व्हर घेण्यासाठी ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या माझ्या नणंदेने आपली ठेव मोडून पैसे दिले होते. "पोट्ट्याले काहून मागशील, मी फेडीन," असं माझे मालक तिला म्हणाले होते. ते नुकतेच कारखान्यातून रिटायर झाले होते. दिलेला शब्द त्यांना झोपू देत नसे.

पण संध्याकाळ झाली की नेट अडायचं. लोक दारात भांडायला यायचे, कनेक्शन तोडायचे. असं चाललं तर नणंदेचे पैसे कुठून यायचे?

मुलगा दिवसभर सर्व्हर ज्यावर चालतो त्या लिनक्सचं काहीबाही वाचत बसायचा. एकदा मी कणीक मळत होते, तेव्हा त्याने मला समजावलं. सर्व्हरच्या डोक्याचे चार भाग असतात, त्यांना कोर म्हणतात. बाहेरून डेटाचं पाकीट आलं की नेटवर्क कार्ड घंटी वाजवतं, ती इंटरप्ट. घंटी वाजली की कोरला हातातलं काम टाकून उठावं लागतं. आमच्या मशीनमध्ये साऱ्या घंट्या एकाच कोरकडे जात होत्या. तो धापा टाकत होता आणि बाकीचे तिघे बसून होते.

"म्हणजे या घरात माझ्यासारखं," मी म्हटलं. तो खूप हसला.

त्याने घंट्या चारही कोरना वाटून दिल्या. मग आणखी एक केलं. प्रत्येक पाकिटाला घंटी नको, थोडी पाकिटं जमा होऊ द्यायची आणि एकदाच वाजवायची. आधी त्याने थांबायचा वेळ जास्त ठेवला, तर लोकांचे व्हिडिओ कॉल अडखळू लागले. मग तो थोडा थोडा कमी करत नेला. संध्याकाळीही नेट धावू लागलं. गेलेले लोक परत आले.

मालकांना हे इतकं आवडलं की त्यांनी घरातही तोच नियम लावला. मुलगा कामात असला की हाक मारायची नाही. जे सांगायचं ते जेवताना, एकदम. एसीमुळे त्याच्या खोलीचं दार बंदच असे. मीठ संपलं म्हणून सांगायला निघाले, तरी ते म्हणत, "जमा करून ठेव." जेवायला बसले की स्वतःचं सांगणं ते बोटांवर मोजत. आम्ही हसायचो.

त्या दिवशी दुपारपासून ते खाटेवर गप्प पडून होते. काय झालं विचारलं, तर म्हणाले, "जेवताना सांगतो." मला नेहमीचंच वाटलं. दुसऱ्यांदा विचारायला माझी जीभ उचलत नाही, नवऱ्यालाही नाही.

संध्याकाळी ताटावर बसले. पहिलं बोट, वरची टाकी गळते. दुसरं, कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं नेटचं बिल राहिलं आहे. मग तिसरं बोट धरलं.

"दुपारपासून डावा हात भरून येऊन राहिला. छातीतबी जड वाटते."

मुलगा ताटावरून उठलाच. "बाबा, दोपहर से? तब क्यों नहीं बोले?"

"तू काम करून राहिला होता ना."

ऑटोत त्यांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. ते घरी परत आले नाहीत.

 तेरवीनंतर मुलाने खोलीचं दार उघडं टाकलं, ते आजही उघडंच असतं. एसीची हवा घरभर जाते, विजेचं बिल वाढतं. वाढू दे. मशीनमध्ये मात्र त्याने काही बदललं नाही. बदललं असतं तर लोक पुन्हा गेले असते, आणि शब्द बाबांचा होता. दर महिन्याला तो पैसे माझ्या हाती देई आणि मी ते नणंदेला नेऊन पोचवत असे.

काल शेवटचे दिले. नणंदेने ते मोजलेही नाहीत. माझा हात धरून म्हणाली, "वहिनी, झाले सारे. दादाचा शब्द पुरा झाला."

घरी आले. त्यांना सांगायच्या कितीतरी गोष्टी मी अजून जेवणापर्यंत ठेवते, तशी सवयच पडली आहे. कालची ठेवली नाही. पायात चपला तशाच, सरळ फोटोपुढे गेले आणि म्हटलं, "अहो, तुमच्या बहिणीचे पैसे फिटले. पूर्ण फिटले."